लिंपलेलं मडकं

तळ्याच्या बांधावर कट्ट मैसम्मा देवीच्या देवळापुढे सारं गाव जमलं होतं. बाहेरून आलेल्या एका स्वामीनं ओढ्याचं पिवळट पाणी मडक्यात ओतलं. औषधाच्या कारखान्यांकडून येणारा ओढा तो. वासानं डोकं उठतं. मडक्याच्या बुडातल्या भोकातून मात्र नितळ पाणी आलं, वासही गेलेला. स्वामी म्हणाला, आत आईला वाहिलेल्या नारळांच्या करवंट्यांचे दाणे आहेत. विष आई स्वतः पिते, मडकं जन्मभर पुरेल.

मी ते पाणी ओंजळीत घेऊन रडलो. माझी बायको लच्चव्वा दोन महिन्यांपूर्वी गेली होती. पायाला साधी जखम, पण एकही औषध लागू पडलं नाही. डॉक्टर म्हणाले, पाण्यात सतत थोडी थोडी औषधं मिसळत राहिली की जंतू त्यांना सरावतात. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक पेल्याची मला भीती वाटे. मागे आमची लेक स्वरूपा उरली होती, आठ वर्षांची.

दक्षिणा देऊन मी मडकं आणलं. बोनालू सणात देवीला नैवेद्य नेतात त्या मडक्यासारखं हळद-कुंकवानं मढवलेलं, तोंड कणकेनं लिंपलेलं, पाणी ओतायला वर एक भोक. बोनमचं, म्हणजे त्या नैवेद्याचं, मडकं वाटेत कुणी उघडत नाही. हेही उघडायचं नाही, असं स्वामीनं बजावलं होतं. आणि ज्याला वास येईल त्याच्या मनात पाप.

महिन्याभरानं स्वरूपा म्हणाली, "नायना, पाण्याला वास येतोय."

मी तिला गप्प केलं. वास मलाही येत होता. मला वाटलं, माझ्याच मनात खोट असेल आणि आई आता लेकही नेईल. नंतर कळलं, वास घरोघरी येत होता आणि घरोघरी माणसं गप्प होती.

स्वरूपानं शाळेत सुगुणा टीचरना सांगितलं. टीचर घरी आल्या आणि माझं मडकं घेऊन थेट बांधावर गेल्या. जखमेला लावतात ते जांभळं औषध त्यांनी बादलीत कालवलं आणि आधी स्वामीच्या नव्या मडक्यात ओतलं. नितळ पाणी आलं. लोकांनी हात जोडले. मग माझ्या मडक्यात ओतलं. खालून जांभळं पाणी आलं.

स्वामी म्हणाला, "या घराला सुतक होतं, अक्का. आई कोपली."

"मग तुझ्या दुसऱ्या एखाद्या जुन्या भक्ताचं आण," टीचर म्हणाल्या.

आमच्या शेजारणीनं आपलं आणलं. तेही जांभळंच. टीचरनी कणीक फोडून दाणे हातावर घेतले. त्यांनी सांगितलं, हा करवंटीचा कोळसा, खास भट्टीत तापवून सच्छिद्र केलेला. शहरात माशांच्या टाक्यांसाठी विकत मिळतो. बारीक छिद्रांत रंग, वास, औषध चिकटतं. छिद्रं भरली की चिकटायला जागाच उरत नाही, दाणे बदलावे लागतात. नवे दाणेही सगळंच अडवतात की नाही, हे तपासणीशिवाय सांगता येत नाही, असंही त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "म्हणजे मी पोरीला काय पाजलं?"

"ओढ्याचं पाणी," त्या म्हणाल्या.

स्वामी आपली कोळशाच्या दाण्यांची पोती तिथंच टाकून निघून गेला. आम्ही टँकर मागितला, ओढ्याच्या पाण्याच्या तपासणीसाठी अर्ज केला. स्वरूपाला मी डॉक्टरांना दाखवलं. आज ती बरी आहे. पुढचं कुणी सांगत नाही, आणि माझी भीती गेलेली नाही.

वाचणाऱ्यांनो, कोळसा खोटा नव्हता. खोटं होतं ते त्याचं कधीही न सरणं. जे उघडून पाहू देत नाहीत, ते आधी उघडा. आणि घरातलं लेकरू वास येतोय म्हणालं, तर त्याला गप्प करू नका. पेला नाकाशी धरा.