दोघांची गोळी एकच

“मंग त्यायले लागू पडली अन् आमाले काहून नाही, डॉक्टरसाहेब?” हुस्नाबीनं विचारलं.

नागपूरच्या दवाखान्यात तिचा नवरा जमीर मान खाली घालून बसला होता. ढाणकीत मोटर वायंडिंगचं काम करणारा माणूस. गोळी चालू असूनही सहा महिन्यांत त्याच्या यकृतातली गाठ वाढली होती. त्याच्याबरोबरच उपचाराला येणाऱ्या महागावच्या सदाशिवरावांची गाठ मात्र तीच गोळी घेऊन निम्म्यावर आली होती.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “दोघांच्याही गाठीचा तुकडा आम्ही संशोधनासाठी तपासला. पेशीत बारीक आरएनए असतात. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, पण कोणतं जनुक किती चालावं याचा लगाम त्यांच्याकडे असतो. गाठीला आवरणारा असा एक आरएनए सदाशिवरावांच्या गाठीत भरपूर आहे, जमीरभाईंच्या गाठीत जवळजवळ उरलेलाच नाही. म्हणून गोळीचा जोर पडत नसावा.”

“मंग तो टाका ना बाहेरून.”

“प्रयोग चाललेत. औषध अजून हाती नाही.”

परतीच्या एसटीत सदाशिवरावांच्या बायकोनं, विमलताईंनी, शेजारची जागा धरून ठेवली होती. आजवरच्या फेऱ्यांत दोघी एकाच डब्यातून जेवल्या होत्या. हुस्नाबी जमीरला घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसली. पुढे सदाशिवराव भुईमुगाच्या शेंगा फोडून खात होते. तो आवाज तिला सोसेना. यवतमाळ सुटल्यावर जमीरचा डोळा लागला, तशा विमलताई उठून मागे आल्या.

“का झालं वं?”

“तुमच्या माणसानं वीस वर्सं दारू पेली, ताई. माह्या माणसानं थेंब नाही चाखला. मंग दुवा तुमच्याच घरी कशी गेली?”

विमलताईंचा चेहरा उतरला. “खरं हाय,” एवढंच म्हणाल्या आणि आपल्या जागेवर परत गेल्या.

त्यानंतर त्यांचा फोन आला की हुस्नाबी तो नुसता वाजू द्यायची.

जमीर पोळ्याच्या आसपास गेला. इद्दतीचे, नवऱ्यामागं पाळायचे चार महिने दहा दिवस सरल्यावर सदाशिवराव आणि विमलताई ढाणकीला तिच्या घरी आले. सदाशिवराव उंबऱ्याबाहेरच थांबले. गाल भरलेले, नजर मात्र चोरट्यासारखी. त्यांना पाहताच हुस्नाबीच्या मनात एसटीतली तीच आग उठली. ती कधी विझेल असं तिला वाटतही नव्हतं.

तिनं खुर्ची पुढे सरकवली.

“उभे काहून राह्यले, भाऊ? बसा.” मग त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “गोळी घेऊन राह्यले ना टायमावर? खाडा नोका करू.”

सदाशिवराव खुर्चीच्या कडेवर टेकले. हुस्नाबी चहा ठेवायला आत गेली. चहा उकळून वर आला तरी ती नुसती बघत राहिली. मागून आलेल्या विमलताईंनी हात लांब करून गॅस बारीक केला.