नेकनूरची गुलाबी पत्रिका

मी एक गुलाबी पत्रिका बोलतेय, कर्करोग्यांच्या देशभरच्या नोंदणीतली. बीडच्या एका कचेरीत, पत्र्याच्या कपाटात माझा जन्म गेला.

१९९४ च्या मार्चअखेर नोंदणीचा कार्यकर्ता धोंडीराम याने नेकनूरच्या एका ओट्यावर बसून मला भरलं. नाव छबुबाई, वय पस्तीस, गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. दुखणेकरी सुनेला आमच्याकडे माहेरी पोचवतात, तशी तीही पोचवली होती. विजेचा शेक, म्हणजे किरणांचा उपचार, घेतला तर वाचशील, बोलावण्याचं पत्र येईल, असं सांगून, तिच्या हातचा चहा पिऊन धोंडीराम उठला.

पण कपाटात तिची आणखी एक पत्रिका होती, सासरची, तेलगावची. तिच्यावर लग्नात ठेवलेलं नाव, सरस्वतीबाई. चौकशीला गेलेल्या माणसाला सासू केशरबाईंनी सांगितलं होतं, सून पाच मार्चला वारली. घरात दुसरी सून आणायची होती.

आमच्या कचेरीचे प्रमुख रविसाहेब लांब शिकून आले होते. स्वच्छ आकड्यांवर त्यांची भक्ती. नव्या संगणकानं दोन्ही पत्रिकांवर दवाखान्याचा एकच क्रमांक दाखवला. एका बाईची एकच पत्रिका, आणि मृत्यूची नोंद वरचढ, असा नियम. साहेबांनी माझ्यावर तांबडी रेघ ओढली. शेकाच्या यादीतून तिचं नाव गेलं.

यादीत नाव नाही हे बघून एप्रिलात धोंडीरामनं तिलाच गाडीनं कचेरीत आणलं. ती स्टुलावर टेकली.

"सासूनं मारलं, साहेब. तुमी तरी उठवा."

साहेब हसले नाहीत. "बाई, मला दिसताय तुम्ही. नोंदीला हयातीचा दाखला लागतो."

"मी हितं बसलेली नोंदीला दिसत न्हाई व्हय?"

दाखल्यासाठी तिचा भाऊ फिरला. तेलगाव म्हणालं, रेशनकार्डातून नाव कमी केलंय. नेकनूर म्हणालं, लग्न झालेली लेक आमच्यात मोजत नाहीत. सही मिळाली पोळ्याला. धोंडीराम दाखला घेऊन आला, तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात तिच्या मरणाचा कागद होता.

साहेबांनी दोन्ही कागद वाचले. मार्चची तारीख वर कळवून झाली होती, आकडे जुळले होते. त्यांनी ती तशीच ठेवली.

त्या वर्षीच्या तपासणीत आमच्या कचेरीत एकही चूक निघाली नाही. नोंदीप्रमाणे छबुबाई मार्चमध्ये वारली. एप्रिलमध्ये स्टुलावर बसून बोलली ती कुणीच नव्हती.

आकडे पडताळणाऱ्यांनो, हात जोडायला मला हात नाहीत. पुढची रेघ ओढण्याआधी एकदा नेकनूरची गाडी धरा. कुणी चहा देतंय का, बघून या.