फुली मारण्याआधी

मी स्नेहलच्या ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन बोलतोय. माझं नाव विचारू नका. ग्रंथालयाने ठेवलेलं ते लांबलचक नाव खुद्द स्नेहललाही आठवत नाही. इंटरनेटच्या खिडकीच्या वरच्या कडेला कोड्याच्या तुकड्यासारखं एक चित्र असतं बघा, त्याच्यामागे आमची दाटी असते. एकजण जाहिराती अडवतो, एकजण पासवर्ड लक्षात ठेवतो, एकजण कुणी न विचारता हवामान सांगतो. त्यांच्या मागच्या रांगेत मी दोन वर्षं पडून होतो.

माझं काम साधं आहे. संशोधकांचे लेख नियतकालिकांत येतात आणि त्यातले बरेचसे कुलपात असतात. विद्यापीठाचं ग्रंथालय वर्गणी भरतं, पण घरी बसलेला विद्यार्थी आपल्यातला की परका हे त्या दाराला कळत नाही, म्हणून ते त्यालाही अडवतं. अशा वेळी मी मध्ये पडतो. तुम्ही लेखाचं पान उघडलंत की मी ग्रंथालयाला विचारतो आणि लेख मिळण्यासारखा असला तर पानाच्या कोपऱ्यात हिरवा होऊन उभा राहतो. मला एकदा दाबलं की लेख तुमच्या हातात येतो.

माझं आणखी एक काम आहे. छापलेला लेख पुढे चुकीचा निघाला आणि नियतकालिकाने तो मागे घेतला, तर मी लाल पट्टी होऊन पानावर आडवा पडतो. हे काम कुणाला ठाऊक नसतं. आमची ओळख करून द्यायला ग्रंथालयाने कार्यक्रम ठेवला होता, तेव्हा ग्रंथपालबाई नेमक्या या मुद्द्यावर आल्या आणि समोसे आले. शिवाय मुलांनी मला बसवून घेतलं ते हजेरी लागणार होती म्हणून. स्नेहलही त्यातलीच.

स्नेहल माशांच्या रोगांवर पीएचडी करते. मुलगी हुशार आणि कष्टाळू, यात वाद नाही. पण तिच्या प्रयोगशाळेत लेख शोधायची एकच पद्धत होती. ग्रुपवर टाकायचं, 'हा पेपर आहे का कुणाकडे?' चहा निवायच्या आत कुणीतरी फाईल फेकायचं. मागितलं की द्यायचं, हा चांगुलपणाच आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. माझ्या दारातून मात्र कुणी येईना. कधीमधी चुकून एखादं पान उघडलं आणि मी उभा राहिलो, तरी स्नेहल माझ्याकडे न बघताच फुली दाबायची. फुली दाबायची सवय माणसांच्या बोटांना लागलेली आहे, डोळ्यांना त्याची खबर नसते.

अशीच ग्रुपवरून आलेली एक फाईल तिच्या डाउनलोडमध्ये पडून होती. गोड्या पाण्यातल्या माशांच्या कल्ल्यांना होणारा एक रोग, त्यावरचं औषध आणि त्याची मात्रा असा तो लेख होता. औषधाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. उद्या तुम्ही तेही पुढे पाठवाल.

तो लेख मागे घेतला गेला. मात्रेच्या तक्त्यातच चूक होती, दिलेला आकडा खऱ्या मात्रेच्या कितीतरी पट होता. ही खबर माझ्याकडे आली तेव्हा मी कोड्याच्या तुकड्यामागे बसून तडफडलो. मला आपणहून बोलता येत नाही. लेखाचं पान उघडलं तरच मला हाक येते. डाउनलोडमधली फाईल उघडली तर माझ्यापर्यंत काहीच पोचत नाही.

आता मुळशीतल्या घराबद्दल सांगायला हवं. स्नेहलला वडील नाहीत, ती कैलासकाका आणि गोजराबाईकाकूंच्या हाताखाली वाढली. काकांची भाताची खाचरं. त्यातलं सगळ्यात चांगलं, धरणाच्या अंगाचं खाचर मोडून त्यांनी शेततळं केलं, ते केवळ स्नेहल म्हणाली म्हणून. भाताची जमीन मोडून मासे कोण पाळतं, असं म्हणत सगळी वाडी हसली. तळं भरलं, रोहू आणि कटला अंगाने भरले, शनिवारी रिसॉर्टवाले दारात येऊन मासळी न्यायला लागले, तेव्हा हसणं थांबलं. मग शेजारच्या वाडीतल्या हैबतरावांनीही तळं खोदलं. पुढे तालुक्यातल्या तळेवाल्यांचा ग्रुप झाला आणि त्या ग्रुपवर काकांना मान मिळायला लागला.

मार्गशीर्षात एका दुपारी काकांचा फोन आला. मासे वर येऊन तोंड वासत होते, कल्ल्यांवर पांढरं दिसत होतं. स्नेहल तेव्हा पुण्यात प्रयोगशाळेत होती. तिला ती फाईल आठवली. तिने ती डाउनलोडमधून उघडली, मात्रा वाचली आणि फाईल तशीच काकांना पाठवली. मी आत जागा होतो. दार माझ्या डोळ्यांदेखत बाहेरून बंद राहिलं.

काका पौडला, तालुक्याच्या गावी, जाऊन औषध घेऊन आले. स्नेहल संध्याकाळच्या एसटीने घरी पोचली.

सकाळी धरणावर धुकं होतं. स्नेहलने मला, म्हणजे लॅपटॉपला, ओट्यावर मांडलं. त्या घरात रेंज फक्त मागच्या खिडकीत येते, म्हणून काकूंनी तिचा फोन गजाला कपड्यांच्या चिमट्याने लावून ठेवला होता आणि लॅपटॉपला इंटरनेट त्यातूनच मिळत होतं. औषधाचा हिशोब तयार होता. तरी एकदा अनसूया मॅडमना, म्हणजे तिच्या मार्गदर्शक बाईंना, विचारावं असं तिच्या मनात आलं. ती फाईल मॅडमना पाठवायला लागली. फाईल जड आणि रेंज मरतुकडी. पडद्यावरचं चाक नुसतं फिरत राहिलं.

काका बादली घेऊन दारात येऊन उभे राहिले. मध्येच तळ्याकडे मान वळवून बघत होते.

"मासं लई वर आल्यात, पोरी. किती येळ थांबू?"

"मॅडमचं एकदा व्हय येऊ द्या, काका."

चाक फिरत होतं. काकांनी बादली या हातातून त्या हातात घेतली.

"तुझं व्हय हाय न्हवं? मग बास की."

स्नेहलने चाकाकडे पाहिलं, मग काकांकडे. इतका भरवसा समोर उभा असला की माणसाला नाही म्हणवत नाही. ती म्हणाली, "टाका." काका गेले.

मला घाम येत नाही, पण त्या क्षणी मला काय झालं ते मलाच ठाऊक. ती चूक नियतकालिकाला ठाऊक होती, ग्रंथालयाला ठाऊक होती, मला ठाऊक होती. ज्या घरात बादली उचलली गेली, त्या घरात मात्र कुणालाच ठाऊक नव्हती.

फाईल शेवटी गेलीच नाही. स्नेहल वैतागली आणि मग तिच्या मनात आलं की फाईल जड आहे, पण लिंक तर हलकी असते. मॅडम तिकडे स्वतः उघडून बघतील. लिंक हवी म्हणून तिने लेखाचं शीर्षक टाईप करून शोधलं आणि पहिल्या नावावर बोट दाबलं.

मला हाक आली. दोन वर्षांत आली नव्हती अशी.

पान तुकड्यातुकड्याने उघडत होतं. आधी वरचा निळा पट्टा आला, मग लेखकांची नावं. मी वेळ घालवला नाही. लाल झालो आणि होतो तेवढा पसरून पानावर आडवा पडलो.

तिने फुली दाबली.

नेहमीसारखीच, न बघता. मी गेलो. तिने लिंक उचलली, मॅडमना पाठवली. मग तिचा हात थांबला. डोळ्यांनी काहीतरी पाहिलं होतं आणि ते आत्ता कुठे डोक्यात पोचत होतं. 'लाल का होतं ते?' ती स्वतःशीच पुटपुटली. तिने पान पुन्हा उघडायला घातलं. चाक फिरायला लागलं. निळा पट्टा आला. नावं आली. माझी पाळी येईपर्यंत काकांनी बादली कलती केली असेल, एवढंच माझ्या मनात होतं.

मी पुन्हा आडवा पडलो. या वेळी तिने वाचलं. लेख मागे घेतला आहे, मात्रेच्या तक्त्यात गंभीर चूक आहे, वापरू नये. ती बसली होती तो पाट पाठीमागे उलटला आणि ती अनवाणी पळत सुटली. खाचरांच्या बांधावरून तिची हाक मला घरात ऐकू आली. "काका, टाकू नका!"

पुढचं मला काकूंच्या बोलण्यातून कळलं. तळ्यात काहीही टाकायचं तर आधी पाय धुवायचे, मग वाकून पाण्याला हात लावायचा, ही काकांची जुनी रीत. स्नेहल पोचली तेव्हा ते पाय धूत होते. बादली काठावर तशीच भरलेली होती.

घरात सगळ्यांचे जीव भांड्यात पडले. काकूंनी चहा टाकला. मॅडमचा फोनही तेवढ्यात लागला. औषध अजिबात नको, खाद्य बंद करा, ताजं पाणी सोडा, मी दुपारी येते, असं त्या म्हणाल्या. काका हसून म्हणाले की मॅडम येणार तर भात जास्तीचा टाका. मग त्यांचा कप ओठांपाशीच राहिला.

"म्या त्यो कागद तळेवाल्यांच्या ग्रुपवर टाकला की."

"कवा?" स्नेहलने विचारलं.

"काल. पौडातनं. आमच्या पुतनीनं काढलाय म्हनून लिवलं बी. हैबतरावाचं मासं बी तसंच करत हुतं."

हैबतरावांना फोन लागेना. त्यांच्या वाडीत रेंज म्हणजे नशिबाचा खेळ. काकांनी मोटरसायकल काढली, स्नेहल मागे बसली आणि दोघं गेली. मी ओट्यावर उघडाच राहिलो. काकू माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांना माझी अक्षरं वाचता येत नव्हती, रंग मात्र दिसत होता. बॅटरी संपत आली तरी मी लाल होतो आणि त्या बघत होत्या.

दोघं परतली ती दुपार कलल्यावर. काकांनी किल्ली खुंटीला लावली. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो रिकामा करून काका म्हणाले, "उजाडायच्या आदीच टाकलं हुतं त्यानं. समदं मासं मरून तळं पांढरं झालंय."

हैबतराव भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, असं स्नेहल नंतर म्हणाली. ते काठावर बसून होते आणि काकांना एवढंच म्हणाले, "कैलास, तुझ्या पुतनीचा कागद, म्हनून म्या इचारलं बी न्हाई."

हे सांगून काका स्नेहलकडे वळले. आवाज चढवला नाही त्यांनी. "चूक छापनाऱ्याची, ते कळलं मला. पन ते मागं घेतल्यालं तुला कसं न्हाई कळलं?"

स्नेहलने माझ्याकडे पाहिलं. मला बसवल्यापासून पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट पाहिलं असेल. "कळवनारा घरातच हुता, काका. मीच त्याचं त्वांड दाबत हुते."

माझ्या बाजूने कुणीतरी बोललं, याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पांढरं झालेलं तळं मी पाहिलेलं नाही, पण त्या घरात त्या रात्री कुणी जेवलं नाही हे मला ठाऊक आहे. मॅडम तळं बघून न जेवताच गेल्या होत्या; त्यांच्यासाठी जास्तीचा टाकलेला भात सकाळी कोंबड्यांपुढे गेला.

काकांचे मासे हळूहळू सावरले. मॅडमनी हैबतरावांचंही तळं आता निर्धोक आहे असं सांगितलं त्या दिवशी काकांनी कुणाला न विचारता जाळं टाकलं, निम्मे मासे पाण्याच्या टाकीत भरले आणि हैबतरावांच्या तळ्यात नेऊन सोडले. त्या शनिवारी रिसॉर्टवाले अर्ध्या मासळीवर परत गेले. हैबतराव आता काकांशी बोलतात. स्नेहल समोर आली की मात्र आधी तिच्या हातात कागद आहे का ते बघतात. तिला ते लागतं. लागायलाच हवं, असं तीच म्हणते.

स्नेहलने मला कोड्याच्या तुकड्यामागून काढलं आणि वरच्या पट्टीत खिळा मारून बसवलं. प्रयोगशाळेच्या ग्रुपवर ती आता फाईल टाकत नाही, लिंक टाकते आणि खाली लिहिते, 'दारातून जाऊन बघा.' काहीजण अंगठा देतात, काहीजण पुन्हा फाईलच मागतात. ती जुनी फाईल अजून कुठे कुठे पोचली, कुणाच्या फोनमध्ये झोपली आहे, ते मला सांगता येत नाही. मी तिच्यामागे जाऊ शकत नाही. कुणीतरी आत्ता ती उघडून माप घेत असेल, हा विचार आला की मला इथे बसवत नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो. फाईल कितीही जवळच्या माणसाने दिलेली असो, वापरण्याआधी तिच्या घराकडे, म्हणजे लेखाच्या मूळ पानाकडे, एकदा जाऊन या. माझ्यासारखा कुणी दारात आडवा पडला, तर त्याला ओलांडण्याआधी तो काय म्हणतोय ते वाचा.

परवा मुळशीच्या घरी स्नेहलने एक लेख उघडला आणि मी लाल झालो. तिचं बोट सवयीने फुलीकडे गेलं. अर्ध्या वाटेवर थांबलं. आतून काकू विचारत होत्या, "काय गं, पेटलं का लाल?"

"व्हय काकू," ती म्हणाली, "वाचतेय."