एकोणीस पावलं

पांढऱ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा — शिक्षकखोलीच्या दारापुढे, दुसऱ्या फरशीवर, अगदी सरळ चिकटवलेला. हातातला खडू घरंगळला म्हणून ती वाकली, नाहीतर दिसलाही नसता. चालताना खाली बघायचं नाही ही सवय कोचनी बारा वर्षं तिच्या मानेत ठोकून बसवली होती. पट्टीच्या कडा मळल्या होत्या. म्हणजे बरेच दिवस इथेच आहे, आणि आपण रोज इथूनच निघतो... लांब उडीची धाव कुठून सुरू करायची त्याची खूण अशीच असायची, एवढीच, पांढरी. पण इथे व्हरांड्यात कोण उड्या मारणार आहे?

मोठ्या बाईंना मधल्या सुट्टीत उत्तर हवं होतं. शाळेतल्या मुलींना लांब उडी शिकवणार की नाही — यंदा शेवटचं विचारतेय, असं त्या म्हणाल्या होत्या. सहा वर्षं ती गुडघ्याचं कारण पुढे करत आली होती. गुडघा ठणठणीत होता. खरं कारण असं, की ऑलिंपिकमध्ये तिने तीन उड्या मारल्या आणि तिन्ही फाउल झाल्या. निकालाच्या यादीत तिच्या नावापुढे अंतरच नाही. एवढ्या वर्षांची मेहनत, आणि तिन्ही वेळा पाय उडी घ्यायच्या फळीच्या दोन-चार बोटं पुढे. का? कोच म्हणाले वारा, बाबा म्हणाले नशीब. आणि मी ती शेवटची पावलं डोळ्यांपुढून किती वेळा नेली... सतरा, अठरा, एकोणीस — डावा पाय, फळी. चूक कधी सापडली नाही. जे आपल्यालाच कळलं नाही ते पोरींना काय कपाळ शिकवणार?

व्हरांड्याच्या त्या टोकाला मोठ्या बाई उभ्या होत्या. ती निघाली. ओठांतल्या ओठांत एकोणीस, आणि डावा पाय वर्गाच्या उंबऱ्यावर. उंबऱ्यावरच असणार, खाली तिने पाहिलं नाही.

सरासरीचा गृहपाठ होता, कोणतीही एक गोष्ट दहा दिवस मोजून आणायची. कुणी आजोबांच्या शिंका मोजल्या होत्या, कुणी बसला होणारा उशीर. मग सगळा वर्ग जिला वकीलबाई म्हणतो ती मुलगी उठली.

"बाई, आधी सांगा, रागावणार नाही ना?"

"काय मोजलंस त्यावर आहे."

"तुम्हाला."

वर्ग खुदखुदला. चिकटपट्टीचा उलगडा झाला, पण तिला आता पुढचं ऐकायचं होतं.

"तुम्ही रोज तिथूनच निघता आणि मनात मोजता, ओठ हलतात तुमचे," वकीलबाई वहीत बघत म्हणाली. "एकोणीस. पण पावलं वीस असतात. पहिलं तुम्ही धरतच नाही."

"पहिलं म्हणजे नुसतं निघणं गं."

"असेल. पण बाकीची सारखी पडतात आणि तेच तेवढं कमीजास्त होतं. फरश्यांवरून मोजलं, एरवी बासष्ट सेंटिमीटर. मोठ्या बाई व्हरांड्यात उभ्या असल्या की सत्तर, बाहत्तर. मग शेवटी तुमचा पाय उंबऱ्याच्या आत पडतो." ती जरा घुटमळली. "आजपण पडला."

उजवा पाय. एक म्हणायच्या आधीचा... कोच नेहमी फळीपाशी उभे असायचे, पंच फळीपाशी, कॅमेरेही तिकडेच रोखलेले. आणि तिथे मागे, जिथून ती निघायची, तिथे कुणीच बघत नव्हतं — मीसुद्धा. भरलेलं मैदान, छातीतली धडधड... उजव्या पायाने तिथेच चार बोटं हाव धरली असेल? असेल. नसेलही. आता खात्री कशी करणार? तिला लाज वाटायला हवी होती, निदान राग तरी यायला हवा होता. वाटली ती नुसती उत्सुकता, चौदाव्या वर्षी वाळूचा खड्डा पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटली होती तशी.

"दहा दिवसांत मोठ्या बाई किती वेळा उभ्या होत्या?" तिने विचारलं.

"तीनदा."

"मग? तीन वेळांवरून काही सिद्ध होत नाही." ती शिक्षिकेच्या आवाजात बोलून गेली, आणि आपलंच वाक्य कानावर पडल्यावर फळ्याकडे वळून उगाचच तारीख पुसू लागली.

मधल्या सुट्टीत ती शिक्षकखोलीतून बाहेर आली तेव्हा मोठ्या बाई व्हरांड्याच्या त्या टोकाला, आपल्या दाराशी उभ्याच होत्या. हो की नाही, तिचं अजून ठरलं नव्हतं. चिकटपट्टीपाशी ती थांबली. कोचनी पाहिलं असतं तर ओरडले असते, पण तिने मान खाली घातली, उजवा पाय उचलला, "एक," असं चांगलं मोठ्याने म्हणाली, आणि तो कुठे पडतो ते बघत राहिली.