भूकंपानंतरची एकतीस वचनं

नको तिथं खरं बोलायची खोड वीरेशला लहानपणापासूनची. तिच्यापायी एका ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचा जीव धोक्यात आलाय, आणि तोही काही कारण नसताना, हे त्याला नांदेडच्या कॉलेजात सकाळच्या चहाला कळलं. चहा तसाच राहिला.

झालं होतं असं. किल्लारीच्या पलीकडं शेळवंडी हे त्याचं गाव, आणि गावात अबोलअप्पांचा मठ. अप्पा दीडशे वर्षांपूर्वीचे. बारा वर्षं तोंडातून शब्द काढला नाही, नुसतं लिहिलं, आणि जाताना लाखेनं बंद केलेल्या लखोट्यांची पेटी मागं ठेवली. दर वर्षी जत्रेला एक लखोटा फोडायचा, आतलं वचन सगळ्यांसमोर वाचायचं, वहीत उतरवून घ्यायचं, आणि मग तो कागद परातीतल्या पाण्यात सोडायचा. शाई उतरली की ते पाणी तीर्थ म्हणून घोट घोट वाटायचं. कागद काही उरत नाही, शब्द तेवढे उरतात. गावाचं सगळं त्या शब्दांवर चालतं. रुसलेल्या भावाला बोलवायचं का, विधवा लेकीचं पुन्हा लग्न करायचं का, सगळं.

मठाचे अध्यक्ष वीरभद्र पाटील. त्यांना वचनांचा ग्रंथ छापायचा होता, आणि पहिल्याच पानावर 'सर्व वचने एकाच हातची, कॉम्प्युटरने सिद्ध' असं हवं होतं. गावचाच पोरगा भाषेच्या मोजणीत पीएचडी करून राहिलाय म्हटल्यावर दुसरीकडं कशाला जायचं?

मोजणी तशी साधी. माणूस मोठमोठे शब्द निवडून लिहितो, पण 'पण', 'मग', 'तर', 'तरी' असले बारके शब्द त्याच्या हातून आपसूक पडतात. हजार शब्दांत ते किती वेळा पडले, कशाच्या मागं पडले, हे मोजत गेलं की प्रत्येकाची चाल वेगळी दिसते. वीरेशनं वहीतली सगळी वचनं मशीनला घातली. त्र्याण्णवच्या भूकंपापर्यंतची सगळी एका बाजूला गेली. भूकंपानंतरची एकतीस दुसऱ्या बाजूला. मधे एकही नाही.

शहाणा असता तर फाईल मिटवून गप्प बसला असता. पण नाही! ह्यानं पाटलांना फोन लावला. सगळं ऐकून पाटील म्हणाले, "कोन हाय त्यो? हुडीक." पेटीला हात लागू शकेल अशा नऊ पुरुषांची जुनी पत्रं त्यांनी गोळा केली, मठाच्या ऑफिसात टाईप करून घेतली आणि पाठवून दिली. पुरुषांचीच बरं का. बायकांची पत्रं मागवायचं कुणाला सुचणार? वीरेशलाही सुचलं नाही. आठांची चाल जुळली नाही. नववी जुळली, आणि अशी जुळली की तो खुर्चीतून उठून उभा राहिला. मलप्पा! मठाचा जुना सेवेकरी. रोज संध्याकाळी वही मांडीवर घेऊन वचनं वाचून दाखवणारा. वीरेशनं नाव कळवलं, आणि वर पाटलांची शाबासकीही घेतली.

त्याला आता पाच दिवस झाले होते. पाच दिवसांत गाव पेटलं होतं. मलप्पाला मठाच्या खोलीत कोंडलं होतं. त्याच्याच जिवासाठी, असं पाटील म्हणत होते. गावाकडून आलेल्या व्हिडिओत दारासमोर पोरं दगडं घेऊन बसलेली दिसत होती. उद्या सोमवारी, जत्रेत, अप्पांच्या पादुकांवर हात ठेवून त्याला सगळ्यांसमोर कबूल करायला लावणार होते.

हे सगळं वीरेश धम्मप्रियाला सांगत होता, थोडा भ्यालेला, थोडा फुशारलेला. धम्मप्रिया नायगावची, त्याच्याच खोलीत बसून हेच काम करणारी आणि बोलायला फटकळ. तिनं मलप्पाची पत्रं वाचायला घेतली होती. वाचता वाचता ती थांबली.

"ही त्यांनी धर्माबादला दिलेल्या लेकीला लिहिलेली नं?"

"हाव."

"बाळंतिणीनं कान कसे बांधावेत, दूध कमी आलं तर अळीव कशात शिजवावेत, टाके दुखले तर कसं बसावं. वीरेश, मठातल्या सेवेकऱ्याला हे कुठून सुचतं रे?"

वीरेशनं खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"माझ्या आजीची सगळी पत्रं शेजारचे मास्तर लिहायचे. आजी सांगायची चार शब्द, मास्तर घालायचे चाळीस. तू ह्या माणसाला लिहिताना कधी बघितलंयस का?"

बघितलं होतं ते भलतंच, आणि ते आत्ता डोळ्यांपुढं आलं. वीरेश सात-आठ वर्षांचा. दुपारची वेळ. मलप्पाकाका निळं अंतर्देशीय पत्र घेऊन ओट्यावर येतोय. "चष्मा इसरलो बग, गुरम्मा," म्हणतोय. आणि अव्वा, वीरेशची आई, पिठाचे हात पुसून लिहायला बसतेय. दर वेळी चष्मा इसरायचा. अरे, त्याच्याकडं चष्मा होताच कुठं? आणि संध्याकाळी वही मांडीवर घेऊन जे वाचायचा ते सगळं तोंडपाठ होतं, नुसती पानं उलटायचा म्हातारा!

 अव्वानं होस्टेलवर पाठवलेल्या पत्रांचे फोटो वीरेशच्या मोबाईलमध्ये होते. त्यातली सहा त्यानं टाईप केली.  मशीन फिरलं. अव्वाची पत्रं सरळ जाऊन त्या एकतीस वचनांत बसली.

"कुणाची रे ही?" धम्मप्रियानं विचारलं.

"आईची."

तिनं त्याची बॅग उचलून त्याच्या हातात दिली. "जा. आत्ताच्या आत्ता जा."

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या एसटीत वीरेशला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय होतं ते त्याला विचाराल तर सांगता येणार नाही. नाव सांगितलं तर दगडं अव्वाला. नाही सांगितलं तर मलप्पाकाकाला. दोन्हीकडून मारेकरी तो स्वतःच. मशीन चुकलं म्हणून सांगावं, असं त्याला अहमदपूरपर्यंत वाटत राहिलं. पण आता ऐकतो कोण? लोकांना मशीन नकोच होतं, त्यांना माणूस हवा होता, आणि तो ह्यानंच काढून दिला होता. कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं तेव्हा कुठं ह्याचं लक्ष गेलं.  लातूरहून किल्लारीची जीप धरून तो दिवेलागणीला घरी पोचला.

अव्वा तुरीची डाळ निवडत बसली होती. नवरा गेल्यापासून एकटीच राहायची ती. मठाची झाडलोट आणि दिवाबत्ती तिच्याकडंच होती.

"अव्वा, वचनं तू लिहितीस."

"हाव," ती म्हणाली. डाळीतला खडा काढून तिनं बाजूला टाकला. "जेवलास का?"

वीरेश तिच्यासमोर बसला. "कधीपासनं?"

"तू पोटात होतास तवापासनं. पेटी ढिगाऱ्याखाली गेलती. मी अन् मलप्पाकाकानं उकरून काढली. वरनं पाऊस. आत नुसता लगदा झाल्ता, बोटाला लागंना एक अक्षर. दुसऱ्या साली जत्रा आली. लोक पत्र्याच्या शेडातनं उठून आलते अन् मठात येऊन बसलते. कुनी बोलंना, कुनी रडंना. त्यास्नी काय सांगायचं? अप्पा भिजून गेले म्हनू?"

"म्हणून खोटं लिहिलंस?"

अव्वा पहिल्यांदा थांबली. "खोटं का खरं, मला ठावं न्हाई. मलप्पाकाका लाख लावून द्यायचा, त्येवढं खोटं. पेन धरला की माझा हात जड व्हायचा बग. लिहून झालं की वाचायची, अन् मलाच भ्याव वाटायचं, ह्ये कोन बोललं म्हून."

 आकडे वीरेशला समजत होते. हे आकड्यांत कुठं बसवायचं ते समजत नव्हतं.

"मलप्पाकाका उद्या तुझं नाव सांगेल का?"

"त्यो? जीव गेला तरी न्हाई सांगायचा."

म्हणजे दगडं म्हाताऱ्यालाच. तरीही वीरेश म्हणाला, "अव्वा, चल. सकाळच्या जीपनं लातूरला जाऊ. तिथनं नांदेडला."

"अन् त्येला दगडाखाली ठिवू?" तिनं सूप उचललं आणि आत गेली. रात्रभर वीरेशचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सोमवारी दहालाच मठाचं पटांगण भरलं. एका अंगाला बायका, एका अंगाला पुरुष, आणि पायऱ्यांजवळ ती पोरं. दगडं लपवायचीही तसदी त्यांनी घेतली नव्हती. एका पोरानं वीरेशला बघून हात हलवला, ह्यानं मोठा पराक्रम केल्यासारखा. वीरेशनं मान फिरवली.

मलप्पाला दोघांनी दंडाला धरून आणलं. पाच दिवसांत म्हातारा निम्मा झाला होता. पाटलांनी त्याचा हात धरून पादुकांवर ठेवला.

"मलप्पा, अप्पांच्या नावानं वचनं कोनी लिवली?"

मलप्पानं मान वर केली. बायकांच्या बाजूला त्याची नजर गेली आणि लगेच खाली आली. "मी," तो म्हणाला. "मीच लिवली."

एकच गलका उठला. कुणीतरी चप्पल भिरकावली, ती म्हाताऱ्याच्या कानावर बसली. कान धरून तो तिथंच वाकला. पाटलांनी हात वर करून लोकांना गप्प केलं, आणि एक कागद आणि पेन त्याच्यासमोर ठेवला.

"मग लिव. एक वचन. आत्ता, आमच्या म्होरं."

मलप्पानं पेन उचललं. उदबत्ती धरावी तसं दोन्ही हातांनी धरलं. टोक कागदावर टेकवलं, आणि तो तसाच राहिला. कागदावर निळा ठिपका पसरत गेला.

"नाटक करून राहिलाय!" पोरांतून कुणीतरी ओरडलं. "बोटं मोडा त्येची, मग लिवतोय का न्हाई बगू!"

दोघं-तिघं पुढं सरकले. वीरेशला आपण उभं राहिल्याचं कळलंही नाही. 

"त्यांना लिहिता येत न्हाई!" तो ओरडला. "माझं चुकलं. ती पत्रं त्यांनी लिहिलेली न्हाईत."

सगळं पटांगण त्याच्याकडं वळलं. पाटलांनी शांतपणे विचारलं, "मग कोनी लिवली?"

एवढंच सांगायचं होतं. आयुष्यभर नको तिथं खरं बोललेल्या माणसाची जीभ टाळूला चिकटली. पोरांच्या हातातले दगड त्याला एकेक करून दिसत होते. एकाच्या दगडाला अजून ओली माती होती. पादुकांपाशी वाकलेला मलप्पा डोळ्यांनीच नको नको म्हणत होता.

"बोल की," बायकांतून आवाज आला. गुरम्मा उभी राहिली होती. "आईचं नाव घ्यायला लाजतोस व्हय रं?"

"अव्वानं," वीरेश म्हणाला.  "माझ्या आईनं. पत्रंबी अन् वचनंबी. पेटी भूकंपात गेली. तवापासनं सगळी तिनंच लिहिली."

आणि तो धावला. बायका दोन्हीकडं सरल्या. अव्वाच्या पुढं जाऊन त्यानं हात पसरले, तोंड फिरवलं, डोळे घट्ट मिटले आणि पहिल्या दगडाची वाट बघत उभा राहिला. 

दगड आला नाही. बराच वेळ झाला तरी आला नाही. त्यानं डोळे उघडले तर समोर कोंडाबाई उभी.

कोंडाबाई वरच्या आळीतली. भूकंपात तिची दोन्ही लेकरं झोपेतच गेली. तेव्हापासून दर सोमवारी ती मठात दोन वाट्या दूध आणून ठेवायची, आणि गावाला त्यात काही नवल उरलं नव्हतं. आजही वाट्या तिच्या हातात होत्या. तोंडावर राग नव्हता. राग असता तर वीरेशला सोसला असता.

"गुरम्मा," ती म्हणाली, "त्ये पैल्या सालचं. 'लेकरांना मातीत शोधू नका, ती माझ्या मांडीवर निजलीत.' त्येबी तूच लिवलं?"

 काल डाळीतला खडा टाकावा तसं सगळं सांगून टाकलेल्या अव्वाला आता एवढं सांगणं जड गेलं. "हाव, कोंडक्का."

"अप्पा न्हवते?"

"मला ठावं न्हाई गं. अप्पांची आण, मला ठावं न्हाई."

कोंडाबाईनं मान हलवली, काही ऐकून घेतल्यावर हलवतात तशी.  पाटील पायरीवर बसले होते. तेही त्या सालच्या जत्रेला पत्र्याच्या शेडातनंच आले होते. कोंडाबाई वीरेशकडं वळली. एवढ्या जवळून तिचे डोळे त्यानं कधी पाहिले नव्हते.

"तू शिकलेला हायस, बाबा," ती म्हणाली. "तू समदं मोजलंयस. तुला म्हाईत असंल. मग माझी दोघं कुनाच्या मांडीवर हायत?"

वीरेशचे हात अजून पसरलेलेच होते. त्यानं ते खाली घेतले. मागं अव्वाला हुंदका फुटला, आणि कोंडाबाई वाट्या सांभाळत उत्तराची वाट बघत राहिली.