राखीच्या डोक्यातले डाग

नेरजवळच्या तांड्यावरच्या हंसाबाईची राखी जन्मापासूनच सिकलसेलची. रक्ताचा आजार. हातपाय ठणकले की शेकायचं, गोळी द्यायची, हे घरात अंगवळणी पडलं होतं. पण बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी नवंच सुरू झालं. तोंडपाठ असलेले पाढे पोरगी विसरू लागली. फळ्यावरचं उतरवता उतरवता मध्येच थांबायची.

"आळशी झाली," शाळेतले मंदार सर म्हणाले.

"डोकंच नाही तिले," बाप रामधन म्हणाला.

हंसाबाईला ते पटेना. परवापर्यंत धाकट्या भावाला, प्रेमला गणितं शिकवणारी पोर एकाएकी मठ्ठ कशी होईल? वेचणी टाकून तिनं राखीला यवतमाळला नेलं आणि डॉक्टरीणबाईंपुढं ठाणच मांडलं.

"ताप नाही, दुखणं नाही. पण माही पोरगी बदलली. काहून, ते सांगा."

अनघा डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय करून घेतला. फोटोत बारीक पांढरे डाग दिसले.

"या आजारानं मेंदूत इथं इथं रक्त पोचलं नाही. हात लुळा पडला नाही, तोंड वाकडं झालं नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. ती आळशी नाही, हंसाबाई."

"मिटतील काय हे?"

"आहेत ते राहतील. नवे पडू नयेत म्हणून दर महिन्याला तिला रक्त चढवावं लागेल."

हंसाबाई रडली, ती बसस्टँड येईपर्यंतच. दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन ती थेट वर्गात शिरली.

"सर, हे पाहा. माही पोरगी कामचोर नाही, जखमी हाये. तिले एका वेळी एकच गोष्ट सांगा. पेपराले वेळ जास्त द्या."

मंदार सर बराच वेळ फोटो बघत राहिले. मग त्यांनी राखीला पुढच्या बाकावर बसवलं, आणि शाळा सुटल्यावर तिच्यासाठी थांबू लागले.

महिन्याच्या महिन्याला मायलेकी यवतमाळची बस पकडत. सुयांनी राखीचे हात काळेनिळे होत. ती रुसायची, बसमध्ये चढायलाच नको म्हणायची. हंसाबाई ऐकायची नाही.

दोन वर्षांनी पुन्हा फोटो काढला. नवा डाग एकही नव्हता. त्याच उन्हाळ्यात राखी सातवी पास झाली, तीही गणितात चांगले मार्क घेऊन.

निकाल ऐकून रामधन उठला, तांड्याच्या नायकाच्या घरून नगारा आणला आणि भर दुपारी बडवू लागला. बाया धावत आल्या.

"काय झालं?"

"माही राखी पास झाली!"

राखी लाजून चूर. "बा, पुरे ना!"

"कायले पुरे?" म्हणत हंसाबाईनं ओढणी खोचली आणि सगळ्यांच्या आधी नाचायला उतरली.