खिडकी बंद असताना घेतलेले आकडे

आकडा पटला नाही तर आधी आपल्या हातावर संशय घ्यायचा, मग मीटरवर, आणि सगळ्यात शेवटी पाण्यावर, असं नाना म्हणायचे. नाना म्हणजे माझे सासरे. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं त्यांनी पाणीच तपासलं. निवृत्त झाल्यावर हॉलमध्ये तीनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली आणि तिच्यात समुद्रातली प्रवाळं वाढवायला घेतली. आमचे हे जहाजावर इंजिनीअर, सहा-सहा महिने पाण्यावर. "एक समुद्र मुलाला दिला, एक घरी ठेवला," असं नाना आल्यागेल्याला सांगायचे.

टाकीत सगळ्यात वरच्या दगडावर फांद्या फुटलेलं एक जांभळट प्रवाळ होतं. अंगठ्याएवढा तुकडा होता तेव्हा सासूबाईंनी तो आपल्या हातानं दगडाला चिकटवला होता. त्या गेल्याला पाच वर्षं झाली आणि प्रवाळ तळहाताहून मोठं झालं. नाना त्याला 'ही' म्हणायचे. "ही आज जरा मलूल दिसतेय का ग?" असं विचारलं की मीही गंभीर होऊन टाकीकडे बघायची.

नानांची फुप्फुसं थकली तेव्हा त्यांनी एकच हट्ट धरला. पलंग हॉलमध्ये, टाकीसमोर. उशाशी प्राणवायूचं मशीन घरघरायला लागलं, हात थरथरायला लागले, आणि पाण्याचा पीएच मोजायचं काम माझ्याकडे आलं. पाणी आंबटाकडे झुकलंय का ते सांगणारा हा आकडा. प्रवाळाच्या पाण्यात तो आठाच्या थोडा वर हवा. खाली उतरला की त्या जिवाला आपला सांगाडा बांधणं जड जातं.

शिकवणी पलंगावरून चालायची.

"पुसू नकोस, टिप. काचेची दांडी आहे ती, चोळलीस की रुसते. मग तासभर खरं बोलत नाही."

"माणसांसारखीच की."

"माणसं तासाभरात कुठे खरं बोलतात, सूनबाई?"

दर रविवारी दांडी आधी सातच्या पाण्यात, मग दहाच्या पाण्यात बुडवायची. ही दोन बाटलीबंद पाणी, ज्यांचा आकडा ठरलेला असतो. मीटरला त्यांच्यावरून सांगायचं, बाबा रे, हे सात आणि हे दहा, आता उरलेलं तू ओळख. वापरलेलं पाणी परत बाटलीत ओतायचं नाही. आणि टाकीत दांडी सोडली की आकडा उभा राहीपर्यंत थांबायचं. "पळत्या आकड्याची मान धरू नये," नाना म्हणायचे.

सकाळी नानांना पुसून काढायला नर्सबाई यायची. ती मला हसायची. "नाना, तुमच्या सुनेला नाडी बघायला सांगू नका. ती तुमचं मनगट आधी सातच्या पाण्यात बुडवील."

"बुडवू दे," नाना म्हणायचे. "श्वास मोजून दिलेले असतात म्हणतात. देवाचं मीटर कधी चुकत नाही. निदान आपलं तरी बरोबर ठेवावं."

त्या थंडीत आमच्यासमोरचा रस्ता खणायला घेतला. दिवसभर धूळ, आणि बाहेर झोंबरा गारठा. डॉक्टरांनी खिडक्या बंद करायला लावल्या. आठवडाभरात आकडा उतरायला लागला. सात पूर्णांक ब्याण्णव, पंच्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर. मी हात तपासला, मीटर तपासलं, दोन्ही ठीक होतं. मग नानांना सांगितलं.

"कोंडलेली हवा," ते लगेच म्हणाले. "आपण सोडलेला श्वास जाईल कुठे? पाण्यातच मुरतो आणि पाणी आंबतं. खिडकी उघड."

मी उघडली. तासाभरानं नानांना ढास लागली ती थांबेचना. ओठ निळे पडले. डॉक्टर धावत आले, सुई दिली, आणि जाताना दारात मला म्हणाले, "पुन्हा ही खिडकी उघडणार असाल तर मला बोलावू नका. उपयोग व्हायचा नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नानांनी विचारलं, "किती?"

मीटरवर सात पूर्णांक शहात्तर होतं. पलंगावरून तेवढे बारीक आकडे त्यांना दिसायचे नाहीत.

"आठ पूर्णांक दोन," मी म्हणाले.

नाना चकित झाले. "खिडकी बंद असून? मग दोष हवेचा नव्हता म्हणायचा. असो. हिचं नशीब." आणि डोळे मिटून समाधानानं पडून राहिले.

मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन मी तोच आकडा वहीत लिहिला. वही त्यांची होती. तारीख, सकाळ, संध्याकाळ, शेरा असे चार रकाने पट्टीनं आखलेले. पहिल्या दिवशी पेन जड वाटलं. चौथ्या दिवशी वाटलं नाही. खोटं इतक्या लवकर हाताला बसतं हे मला माहीत नव्हतं.

आणि खोट्याला सोबत लागते. कपाटात आकडा वाढवायच्या पावडरीचा डबा होता. नाना ती वर्षातून एखाददा, तीही चिमूटभर वापरायचे. त्यांचा डोळा लागला की मी चमचाभर टाकीत विरघळवायची. आकडा टुणकन वर चढायचा, माझा जीव भांड्यात पडायचा, आणि दुसऱ्या सकाळी तो परत खाली. मग अजून एक चमचा. आकडा सुधारला म्हणजे प्रवाळ सुधारलं, असं मी धरून चालले होते. चौदा-पंधरा दिवसांनी प्रवाळाच्या फांद्यांची टोकं पांढरी पडली. बशीची कड उडावी तशी, एवढीएवढी.

"नवी वाढ असेल," नाना म्हणाले. "कोवळी टोकं पांढरीच असतात." माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवून ते असं म्हणाले. एरवी जळकं टोक कोणतं आणि कोवळं कोणतं हे त्यांना सांगावं लागलं नसतं.

मग एका गुरुवारी टाकीवरचा दिवा सकाळीच गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, उद्या येतो. टाकी दिवसभर अंधारात राहिली. संध्याकाळी नाना म्हणाले, "सांग."

"आठ पूर्णांक सत्तावीस," मी सवयीनं बोलून गेले.

"आणि सकाळचा?"

"आठ पूर्णांक दहा."

नानांनी टाकीवरच्या दिव्याकडे बघितलं. म्हणाले, "दिवा नव्हता ना आज?"

"नव्हता."

"उजेडात प्रवाळं पाण्यातला तो मुरलेला श्वास खातात, म्हणून संध्याकाळी आकडा चढतो. आज अंधारात काय खाल्लं त्यांनी?"

मी दांडी टिपत राहिले.

"पावडरीचा डबा आण बरं, बाळ."

आणला. नानांनी झाकण काढायला लावलं, आत बघितलं. निम्म्याहून जास्त रिकामा. मग त्यांनी मान वळवून टाकीकडे, त्या पांढऱ्या टोकांकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "माझ्यासाठी केलंस."

"डॉक्टर म्हणाले होते, खिडकी…"

"खिडकी कशाला? टाकीतला फेस काढणारा पंप हवा ओढतो ना, त्याला लांब नळी लावायची आणि तिचं टोक झरोक्यातून बाहेर काढायचं. तोंडाशी कापूस. खिडकी बंदची बंद आणि पाण्याला बाहेरची हवा. मला त्याच दिवशी सुचलं असतं." त्यांना धाप लागली, थांबले. "पण तू म्हणालीस आठ पूर्णांक दोन. मग मी विचारच केला नाही."

एवढं सोपं होतं. दोन हात नळी आणि चिमूटभर कापूस.

"खरा आकडा आता किती?"

"सात पूर्णांक एकोणऐंशी."

"वही घे. पानं फाडायची नाहीत, खोडायचं नाही. खोट्या आकड्यावर एकच रेघ मारायची, तो खालून वाचता आला पाहिजे. शेजारी खरा लिहायचा आणि सही करायची. प्रयोगशाळेचा नियम आहे."

"खरे मी कुठेच लिहिले नाहीत, नाना."

"मग 'माहीत नाही' असं लिही."

तेवीस दिवसांचे शेहेचाळीस आकडे. शेहेचाळीस वेळा मी रेघ मारली, 'माहीत नाही' लिहिलं आणि सही केली. सही वाकडी यायला लागली तेव्हा नाना म्हणाले, "राहू दे, उरलेल्या उद्या." मी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून आधी एक परीक्षा करून घेतली. टाकीतलं कपभर पाणी घेऊन मी जिन्यावरच्या उघड्या गच्चीत तासभर बसले, त्यात छोट्या पंपानं बाहेरच्या हवेचे बुडबुडे सोडत. आत सात पूर्णांक एकोणऐंशी असलेलं पाणी बाहेर आठ पूर्णांक पंधरावर जाऊन उभं राहिलं.

"झालं," नाना म्हणाले. "पाणी निर्दोष आहे. हिच्या पाण्यात मीच आंबट कालवतोय." आणि हसले. हसल्यावर खोकला आला, म्हणून मी हसले नाही.

नळी लावली. पावडर बंद केली. दर दोन दिवसांनी थोडं थोडं पाणी बदललं. आकडा पायरी पायरीनं चढला. सात पूर्णांक एक्क्याऐंशी, सत्त्याऐंशी, ब्याण्णव. तिथे अडकला. नळी मोकळी होती, कापूस स्वच्छ होता.

"मी आहे तोवर एवढाच," नाना म्हणाले. "मी टाकीच्या तोंडाशीच पडलोय ना. बस झालं हे." मी त्यांच्याकडे बघितलं तर ते घाईघाईनं म्हणाले, "अग, आकड्याचं म्हणतोय."

प्रवाळाची जळलेली टोकं काही परत आली नाहीत. पांढऱ्याचं हिरवट झालं, शेवाळ फांद्यांवरून खाली उतरत गेलं. रोज सकाळी नाना विचारायचे, "कुठपर्यंत आलं?" मी खरं सांगायची. मधल्या फांदीपर्यंत. बुंध्याच्या वर बोटभर. एकदा मी गप्प राहिले तर म्हणाले, "सांग ग. आता मला खऱ्याचं भय नाही वाटत." शेवटी बुंध्याशी जांभळा तुकडा राहिला, अंगठ्याएवढा. तिथे शेवाळ थांबलं.

"तिनं लावला होता तेवढाच की," नाना म्हणाले आणि बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत राहिले.

सोमवारी सकाळी, नर्सबाई त्यांचं तोंड धूत असताना, नाना गेले. मशीन तेवढं चालू राहिलं. ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही. नर्सबाईच्या हातून टॉवेल मी घेतला. त्यांच्या कपाळावरचं, मिटल्या पापण्यांवरचं पाणी टिपलं. पुसलं नाही.

ह्यांचं जहाज भर समुद्रात होतं. फोनवर आधी नुसता वाऱ्याचा आवाज आला, मग हे म्हणाले, "शेवटी काही बोलले का?" मी म्हणाले, "रविवारी संध्याकाळचा आकडा विचारला. मी सांगितला."

माणसं आली, बसली, गेली. चौथ्या दिवशी घरात मी एकटी होते. खिडक्या अजून बंदच होत्या. आता उघडायला हरकत नव्हती, पण हात गेला नव्हता. सवयीनं दांडी धुतली, टिपली, पाण्यात सोडली आणि आकडा उभा राहायची वाट बघत बसले.

आठ पूर्णांक एकवीस.

मी दांडी बाहेर काढली. आधी हातावर संशय घेतला. पुन्हा धुतली, पुन्हा टिपली. मग मीटरवर. सातचं आणि दहाचं पाणी नव्या बाटलीतून काढलं, रविवार नव्हता तरी. पुन्हा टाकीत सोडली. आठ पूर्णांक एकवीस.

ते तेवीस दिवस मी वहीत खोटा लिहीत होते तो आकडा आज जवळजवळ खराच आला होता, आणि तो ऐकायला पलंगावर कोणी नव्हतं. दगडावरचा जांभळा तुकडा पाण्यात आपली बारीक तोंडं उघडून होता.

वही उघडली. तारीख लिहिली. संध्याकाळच्या रकान्यात आकडा लिहिला. शेऱ्यापाशी थांबले. हा आकडा चढला त्यातलं नळीमुळे किती, आणि या खोलीत नाना आता श्वास सोडत नाहीत म्हणून किती? नाना असते तर त्यांनी हे नक्की विचारलं असतं.

शेऱ्यात लिहिलं, 'माहीत नाही.' आणि खाली सही केली.